किल्ला घ्यायला किती गडी लागतात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. भाऊबीज झाली होती, अंगणातला मातीचा किल्ला मोडून झाला होता आणि मुलांना नवा उद्योग हवा होता. आमच्या इमारतीच्या मागे बांधकामासाठी आणलेल्या विटांचा ढीग पडून होता. त्याचाच त्यांनी किल्ला केला. आत दोघे, बाहेर पाच जण. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारे पिस्तूल. पाचही जण आरोळी ठोकून एकदम धावले आणि दोन मिनिटांत पाचही जण ‘आउट’ झाले. मग म्होरक्या माझ्याकडे आला आणि रागारागाने म्हणाला, "आजोबा, ते दोघेच होते आणि आम्ही पाच. किल्ला घ्यायला किती गडी लागतात हो?"

मी त्याला म्हटले, "आधी डोळ्यांना चष्मे लावा, मग खेळा. उत्तर उद्या सांगतो." उत्तर शोधायला मला लांब जायचे नव्हते. वसईत राहणाऱ्या माणसाच्या दारातच ते उत्तर उभे आहे. वसई स्टेशनवरून बस सुटते आणि थेट किल्ल्याच्या तटापाशी आणून सोडते.

मुले खेळत होती त्या खेळाचे मोठ्या माणसांचे रूप जगात ‘एअरसॉफ्ट’ या नावाने ओळखले जाते. १९७०च्या दशकात जपानमध्ये तो सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या पण सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या उडवणाऱ्या बंदुका निघाल्या. दोन संघ पाडतात. एकाने जागा राखायची, दुसऱ्याने ती घ्यायची. रंगाच्या गोळ्यांच्या खेळात कपड्यावर डाग पडतो, तसा इथे काही पुरावा उरत नाही. ज्याला गोळी लागली त्याने स्वतः हात वर करून ‘लागली’ म्हणायचे आणि बाहेर जायचे. सारा खेळ या सचोटीवर चालतो.

या खेळात मुरलेली माणसे दोन-तीन गोष्टी नेहमी सांगतात. हल्ला करणाऱ्यांनी सगळ्यांनी एकदम धावू नये. काहींनी समोरून मारा करून आतल्यांना मान वर काढू देऊ नये, तेवढ्यात बाकीच्यांनी वळसा घालून बाजूने शिरावे. कोण कधी निघणार हे आधी ठरलेले असावे. बचाव करणाऱ्यांनीही सगळे एकाच खिडकीशी गोळा होऊ नये. प्रत्येकाची जागा दुसऱ्याच्या नजरेत असावी आणि एखादा गडी मोकळा ठेवावा, म्हणजे जिथे भगदाड पडेल तिथे तो धावून जाईल. आपल्या आट्यापाट्यांत वेगळे काय असते? पाटी धरणारा आपली रेघ सोडत नाही, आणि ओलांडणारे एकाने हूल दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

खेळात हे नियम चुकले तर संध्याकाळ वाया जाते. १७३७ ते १७३९ या काळात वसईच्या परिसरात हेच नियम माणसांच्या जिवाने शिकले गेले.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी तिथे तटबंदीच्या आत एक संपूर्ण शहर वसवले. सुमारे एकशे दहा एकरांचा विस्तार, दहा-अकरा बुरुज, आत चर्च, मठ, वाडे, बाजार. जागाही अशी निवडलेली की पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, आणि बाकीच्या बाजूलाही पुष्कळसा दलदलीचा मुलूख. सैन्य घेऊन सरळ चालून यावे अशी कोरडी जमीन एका उत्तरेच्या अंगालाच. अर्थातच भक्कम बुरुजही तिथेच. सांव सेबॅस्टियन आणि रेमेडिओस ही त्यांतल्या दोन बुरुजांची नावे पुढे मराठी इतिहासात कायमची कोरली गेली.

उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने झालेला जाच आणि वतनदारांच्या हक्कांवर आलेली गदा यांच्या तक्रारी पुण्याला पूर्वीपासून जात होत्या. भिवंडीजवळच्या अंजूरचे नाईक बंधू त्यात पुढे होते. गंगाजी नाईक अंजूरकरांनी तक्रार करून हात जोडून बसणे पत्करले नाही. कुठल्या खाडीला ओहोटीला पाणी किती उरते, कुठल्या ठाण्यात माणसे किती, कोण आपल्याला मिळेल, याची बातमी ते गोळा करत राहिले. मोहिमेचा पहिला गडी कोण असे मला कुणी विचारले, तर मी तलवारवाल्याचे नाव घेणार नाही. बातमी आणणाऱ्याचे घेईन.

१७३७च्या वसंतात चिमाजीअप्पांची फौज घाट उतरली. ठाण्याचा किल्ला तेव्हा पोर्तुगीज बांधत होते, काम अर्धवट होते. ते पुरे होण्याआधीच मराठ्यांनी तो घेतला आणि साष्टी बेटाचे दार उघडले. त्याच सुमारास वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळा हाती आला. सुरुवात अशी झाल्यावर कुणालाही वाटावे, आता वसई काय लांब आहे!

इथेच आमच्या मुलांची चूक झाली तशी चूक झाली. त्या वर्षी वसईच्या तटाला शिड्या लावून पाहिल्या गेल्या. शंकराजी केशव फडके यांच्यासारखा जिद्दीचा सेनानी त्या आघाडीवर होता, माणसे मरायला तयार होती, पण शिडी लावणाऱ्याला वरून दगड, गोळ्या आणि दारूची मडकी सोसावी लागतात. तो चढत असताना तटावरच्या शत्रूला खाली दाबून ठेवणारा मारा नसेल, तर शिडी म्हणजे मरणाची रांग. हल्ले फसले. वर पाऊस आला. चिमाजीअप्पा पुण्याला परतले आणि वसईपुढे मोर्चे तेवढे राहिले.

पुढचे १७३८ साल ओढाताणीचे गेले. बाजीराव भोपाळला निजामाशी गुंतले होते, पैसा आणि माणसे दोन ठिकाणी वाटली जात होती. पोर्तुगीजही स्वस्थ नव्हते. वर्षाच्या अखेरीस त्यांनी ठाणे परत घ्यायचा नेटाने प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रू द मेलू तोफेच्या गोळ्याने पडला आणि चढाई मोडली. बचाव करणाऱ्याने बाहेर पडून प्रतिहल्ला करावा हे युद्धशास्त्राला धरूनच होते. पण मोकळा ठेवायचा गडीच त्यात खर्ची पडला.

जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांची रीत बदललेली दिसते. वसईवर पुन्हा धाव न घेता चिमाजीअप्पांनी आधी वसईची बोटे छाटायला घेतली. उत्तरेकडचे माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली. मग डोंगरातला अशेरी गेला. आजच्या पालघर जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवा, म्हणजे लक्षात येईल. वसईला ज्या ज्या दिशेने धान्य, माणूस किंवा निरोप येऊ शकत होता, ती दिशा बंद होत गेली. हे काही फुकट झाले नाही. तारापूरला तटावर चढताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला हा सरदार, त्याचे जाणे पुण्याला फार लागले.

आता खरी गंमत पाहा. याच जानेवारीत वसईपासून शेकडो मैल दूर, गोव्यात, व्यंकटराव घोरपडे फौज घेऊन शिरले आणि मडगाव-राचोलच्या मुलखात त्यांनी धुमाकूळ मांडला. त्या मुलखाचे नावही साष्टीच, पण ती गोव्याची साष्टी. परिणाम असा झाला, की वसईला कुमक पाठवायची की स्वतःच्या उंबऱ्यावरचा शत्रू हाकलायचा, अशा पेचात गोव्याचा व्हाइसरॉय अडकला. वसईच्या सैनिकांनी समुद्राकडे डोळे लावले ते लावलेच राहिले. मुंबईच्या इंग्रजांनी हिशेबीपणाने वागायचे ठरवले. चर्चची चांदीची भांडी तारण घेऊन थोडे कर्ज दिले, पण पोर्तुगिजांसाठी मराठ्यांशी लढाई अंगावर घ्यायला ते तयार नव्हते.

फेब्रुवारीच्या मध्यावर चिमाजीअप्पा वसईसमोर येऊन उतरले. मार्चमध्ये खाडीच्या दक्षिण काठावरचे धारावीचे ठाणे मराठ्यांकडे आले. मुंबईतली धारावी नव्हे बरे का, ही भाईंदर-उत्तनकडची. तिथल्या टेकडीवरून खाडीच्या तोंडावर नजर राहते. धारावी हाती नसताना वसईला वेढा घालणे म्हणजे घराला पुढून कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवण्यासारखे होते. ते दार आता बरेचसे लागले.

याच वेळी दिल्लीहून भयंकर बातम्या येत होत्या. नादिरशहाने कर्नालला मोगलांचा पराभव केला आणि मार्चमध्ये तो दिल्लीत शिरला. बाजीरावांना उत्तरेची काळजी लागली. वसई लवकर आटोपणे किंवा सोडून देणे, असे दोनच मार्ग उरले. आणि तिसरा शत्रू सगळ्यांत नेमाने येणारा होता, पाऊस. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथे आभाळ फाटते. खंदकात पाणी भरले की मोर्चे बुडणार, सुरुंगाची दारू भिजणार, तोफा चिखलात रुतणार. आतल्या पोर्तुगिजांनाही हे ठाऊक होते. मे महिना काढला की वाचलो, असा त्यांचा हिशेब असणार. दोन्ही बाजू एकाच पंचांगाकडे पाहून लढत होत्या.

वेढ्याच्या या टप्प्यात जी माणसे सर्वांत महत्त्वाची ठरली त्यांची नावे बखरींत फारशी सापडत नाहीत. ती होती खणणारी माणसे. तटावरून मारा होत असताना वाळूच्या, ओलसर जमिनीत खंदक पुढे पुढे न्यायचा, बुरुजाच्या पायापर्यंत पोचायचे, तिथे पोकळी करून दारू ठासायची. आतले लोक कान लावून बसलेले. कुदळीचा आवाज कुठून येतो याचा अंदाज घेऊन ते वरून गोळे टाकणार. दिवसा तोफांनी पाडलेला तट रात्री आतून लाकडे आणि मातीने भरून काढणार. बाहेरची खोदाई आणि आतली डागडुजी अशी ही शर्यत अडीच-तीन महिने चालली. किल्ल्याचा सेनानी सिल्व्हेरा द मेनेझिस याच वेढ्यात ठार झाला, तरी बचाव ढासळला नाही. त्याची जागा दुसऱ्याने घेतली.

१३ मे १७३९ रोजी सुरुंगांना बत्ती दिली गेली. इंग्रजांचे पंचांग तेव्हा अकरा दिवस मागे असल्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही तारीख २ मे अशी दिसते. योजना अशी, की सुरुंग उडाले, तट कोसळला, की धूळ खाली बसायच्या आत माणसे भगदाडात शिरायची. उशीर केला तर आतले लोक भगदाड बुजवणार, म्हणून क्षणही दवडायचा नाही. पहिले सुरुंग उडाले, तटाला वाट पडली, मराठे आरोळी देऊन चढले. आणि एक सुरुंग उडायचा राहून गेला होता. त्याची बत्ती मागे रेंगाळली होती. माणसे अगदी वर असताना तो उडाला. आपल्याच दारूने आपलीच शेकडो माणसे दगडांसकट आकाशात फेकली गेली.

मी जेव्हा जेव्हा त्या पडक्या बुरुजाजवळ उभा राहतो तेव्हा मला विजयाआधी ही बत्ती आठवते. त्या माणसांचे शौर्य कमी नव्हते, योजनेतही चूक नव्हती. दोन कामांमधला काही क्षणांचा मेळ चुकला. संघाने करायच्या हल्ल्यात सर्वांत नाजूक जागा हीच असते. एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तो सांधा. खेळात तिथे आपलीच गोळी आपल्याच गड्याच्या पाठीत बसते आणि सगळे हसतात. वसईत हसायला कुणी उरले नाही.

त्या दिवशी हल्ला थोपवला गेला असता तर नवल नव्हते. पण मराठे पुन्हा चढले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार वेढ्यात होते. किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन निदान माझे शिर तरी आत पडू द्या, असे चिमाजीअप्पांनी सरदारांना म्हटल्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तिच्यातली निकड खरी आहे. भगदाडात रात्रंदिवस झुंज चालली. पोर्तुगिजांनी हातगोळे आणि जळती मडकी टाकून इंच इंच जमीन लढवली. पण बुरुज गेले, वरिष्ठ अधिकारी बहुतेक पडले, दारूगोळा आणि माणूसबळ संपत आले. बाहेरून कोणी येणार नाही हे आता स्पष्ट होते. १६ मे रोजी किल्ल्यावर पांढरे निशाण चढले आणि कायतानू द सोझा परेरा या कप्तानाने तहावर सही केली.

वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली आणि पोर्तुगिजांची आठशे, असे ग्रँट डफ सांगतो. बाहेरच्याने मोजलेली किंमत आतल्याच्या सहापट. तटबंदीचा अर्थ हा असतो. तटामागचा एक गडी बाहेरच्या कितीतरी गड्यांना भारी पडतो.

त्यानंतर जे झाले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. इतकी माणसे गमावलेली फौज शहरात शिरते तेव्हा काय होते हे जगाच्या इतिहासात पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे. वसईत तह पाळला गेला. पोर्तुगीज सैनिकांना शस्त्रे घेऊन, नगारे वाजवत, निशाणे मिरवत बाहेर पडू दिले. नागरिकांना आपली चीजवस्तू नेण्यास मुभा आणि आठवड्याची मुदत दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली. २३ मे रोजी किल्ला रीतसर मराठ्यांच्या ताब्यात आला. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पाठवलेल्या पत्रात चिमाजीअप्पांनी शत्रूच्या झुंजीची कदर मोकळ्या मनाने केली आहे. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा आजही लोक पाहायला जातात. वसईच्या गावागावांतून ख्रिस्ती समाज राहिला तो राहिलाच, आणि वसईच्या मराठी बोलीत आपला सूर मिसळत आला. हात वर करणाऱ्यावर पुन्हा गोळी झाडायची नाही, हा नियम खेळाच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी इथे पाळला गेला होता.

या कथेला एक कडू शेपूट आहे. एक्केचाळीस वर्षांनी, १७८०च्या डिसेंबरात, आत मराठे होते आणि बाहेर जनरल गॉडर्डचे इंग्रज. गॉडर्डने तोफांनी किल्ला फोडायला घेतला आणि त्याच वेळी कर्नल हार्टलेला पूर्वेकडे पाठवून घाटावरून येणारी मराठ्यांची कुमक अडवून धरली. वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला रामचंद्र गणेश कानडे यांनी धुक्याचा फायदा घेऊन हार्टलेवर झडप घातली. धुके विरले, रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले आणि त्याच सुमारास वसई पडली. व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्यात जे काम आपल्यासाठी केले, तेच हार्टलेने दुगाडला आपल्याविरुद्ध केले. आपण शिकवलेला धडा आपल्यावरच उलटला. सालबाईच्या तहात १७८२ मध्ये वसई परत मिळाली आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने सही केलेल्या तहाला वसईचेच नाव लागले, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मुलांना मी एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले, की दोघांनी समोरून गोळ्या चालू ठेवा, दोघांनी पाण्याच्या टाकीमागून वळसा घ्या आणि एकाने पलीकडच्या फाटकाशी उभे राहा, आतल्यांचा तिसरा भिडू क्लासवरून येतोय त्याला अडवायला. किल्ला पाच मिनिटांत पडला. आतल्या दोघांनी मुकाट्याने हात वर केले. सगळे नाचत होते, फक्त फाटकाशी उभा केलेला मुलगा फुरंगटून बसला होता. "आजोबा, मी एकसुद्धा गोळी मारली नाही. मला तर किल्ला दिसलाही नाही."

मी त्याला जवळ बसवले आणि व्यंकटराव घोरपड्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. १७३९च्या त्या जानेवारीत त्यांनाही वसई दिसत नव्हती.